देवांच्या पाठीची भिंत

जालिंदर मिस्त्रीनं खिशातली टेप काढलीच नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून त्यानं आत एकदा नजर टाकली आणि म्हणाला, "ती ट्रंक हलवा ताई. तिच्या मागं खुणा असतील बगा."

"कसल्या खुणा?"

"गेरूच्या. माज्याच हायत."

मी आईकडं पाहिलं. ती माजघरात भिंतीला टेकून, पाय लांब सोडून तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "आधी चहा घेऊ दे त्यांना," एवढंच म्हणाली.

मी नाशिकहून आदल्या दिवशीच तासगावला आले होते. दादा, म्हणजे माझे वडील, लुनावरून पडले होते. मार्केट यार्डाच्या वळणावर एक डुक्कर आडवं आलं. त्याला वाचवायला गेले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. डुक्कर धडधाकट राहिलं. मिरजेला ऑपरेशन झालं, ते नीट झालं, पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं की आता जन्मात उकिडवं बसायचं नाही. घरी आधी कमोड बसवा, मग पेशंटला न्या. माझा भाऊ सुहास दवाखान्यात दादांपाशी होता आणि घरचं काम माझ्याकडं आलं होतं. शुक्रवारी दादांना सोडणार होते आणि आज मंगळवार होता.

आमचं घर म्हणजे एकापाठी एक चार खोल्या. शेवटी परस, परसाच्या पार टोकाला शेवग्याचं झाड आणि झाडाच्या पलीकडं संडास. आजोबांनी, म्हणजे आबांनी, तो मुद्दामच तिकडं लांब बांधला होता. तीन उंच पायऱ्या, पत्र्याचं दार, आत जुन्या पद्धतीचं भांडं. तरुणपणी त्याचं काही वाटत नाही. आईचे दोन्ही गुडघे मात्र मी कॉलेजात असतानाच गेले होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात काठी, असं ती परस ओलांडायची. पायरीशी काठी टेकवून ठेवायची, दाराची कडी धरायची आणि स्वतःला वर ओढायची. कडीचा आवाज आम्हाला घरात ऐकू यायचा. आत गेल्यावर ती बराच वेळ यायची नाही, कारण बसणं जमलं तरी उठणं जमायचं नाही. दिवेलागणीनंतर ती पाणी पीत नसे. लग्नाकार्याला जाणं तर तिनं कधीच सोडलं होतं.

यावर उपाय का होत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आईला घरात संडास चालत नाही. तिचं देवाधर्माचं कडक आहे. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचे, "मी केव्हाच बसवला असता हो. पण आमच्या हिला विटाळ होतो." आई तिथं असली तर तीही थोडं हसायची आणि चहाच्या कपबशा उचलून आत जायची. मी दोनचारदा तिच्याशी त्यावरून वाद घातला होता. ती म्हणायची, "जाऊ दे गं, कुंदा. देवाचं घर आहे." मग मला राग यायचा आणि मी नाशिकला परत जायचे.

म्हणून त्या दिवशी मला वाटलं, मिस्त्रीचं काहीतरी चुकतंय. दुसऱ्या कुणाच्या घरातल्या खुणा असतील. तरीही मी ट्रंक ओढली.

भिंतीवर तीन खुणा होत्या. एक फरशीलगत, गोल. एक तिच्या थोडी वर, फुलीची. तिसरी बाजूच्या भिंतीवर, आडवी, बोटभर जाडीची रेघ. ट्रंकेआड राहून त्यांचा रंग चांगला टिकला होता.

"ही पायपाची," मिस्त्री चहाचा कप घेऊन आत आला आणि बोटानं दाखवू लागला. "ही भांड्याची. आन ही दांडीची. काकूंना हितं स्टुलावर बसवलं हुतं. म्हनलं, काकू, डोळं मिटा आन उटा. हात कुटं जातोय बगू. जितं गेला तितं रेग मारली. तशीच दांडी मारायची असती, न्हाईतर मानूस चाचपडत बसतंय."

"कधी केलंत हे?"

"लई वर्सं झाली. माज्या थोरलीचं लगीन व्हायचं हुतं. आता तिची पोरं शाळंत जात्यात."

"आणि बोलावलं कुणी तुम्हाला?"

"काकूंनी. दुसरं कोन बोलावनार? मला बाजारात गाटलं, म्हनल्या, जरा येऊन बगून जा. मी आलो, खोली बगितली. म्हनलं ही खोली म्हंजे तयारच हाय. मोरी हाय, उतार हाय, खड्डा मागं हायच. आन मी रेगा मारतोय तंवर काका कामावनं आले..."

"मिस्त्री," आई बाहेरून म्हणाली, "चहा गार होतोय तुमचा."

जालिंदर मिस्त्री बोलका माणूस होता. पण तोही गप्प झाला आणि फुर्रकन् चहा पिऊ लागला.

त्या खोलीला बाळंतिणीची खोली म्हणायचे, कारण आजीची, आईची सगळी बाळंतपणं तिथंच झाली होती. कोपऱ्यात बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायची मोरी होती. मीही तिथंच जन्मले. नंतर तिथं गाद्या, ट्रंका, नको असलेलं सगळं जाऊन पडलं. एरवी तिच्यात कुणी पाऊल टाकत नव्हतं.

कप खाली ठेवून मिस्त्रीनं मधली भिंत बोटाच्या पेरानं ठोकून पाहिली. एका जागी आवाज पोकळ आला.

"हितं पलीकडं काय हाय?"

"देवाचा कोनाडा आहे," मी म्हणाले.

"व्हय, आटवलं. तितंच तर अडलं हुतं." मग आईकडं एकदा बघून तो घाईनं म्हणाला, "टाकीचं बोल्ट ह्याच भितीला मारायचं. हितं भित पातळ हाय. पलीकडं माती पडनार. देव तेवडे हलवाय लागतील."

झालं, मला वाटलं. आता आई अडणार. शुक्रवारी दादा येणार, आणि आई काही देव हलवू देणार नाही. मी मनातल्या मनात भांडणाची तयारीसुद्धा केली. आईनं तांदळाचं ताट बाजूला ठेवलं.

"त्यांना विचार," ती म्हणाली.

"दादांना? दवाखान्यात?"

"हो. फोन लाव सुहासला."

मी फोन लावला. सुहासनं मोबाइल दादांच्या कानाला धरला. मी सांगितलं की मिस्त्री आलाय, सगळं जमतंय, पण भिंतीला मागून देव आहेत. पलीकडून दादांचा आवाज एकदम मोठा आला. ऑपरेशननंतर ते फोनवर ओरडूनच बोलायचे.

"मग हलवा की. त्यात विचारायचं काय?"

"हलवा म्हणतायत," मी आईला सांगितलं.

तिनं हात पुढं केला. मी रिसीव्हर दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, एखादी जड वस्तू धरावी तसा.

"अहो, मी बोलतेय. देव हलवायचे का नक्की?"

मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "अगं, देवाला काय, तो कुठंही राहतो. स्वयंपाकघरात ठेव. मी काय आता जन्मभर पोराच्या हातनं भांडं लावून घेऊ का? लाज वाटते मला."

"लाज वाटते, नाही का," आई म्हणाली.

"मग? तुला काय कळणार."

"बरं," ती म्हणाली. "हलवते."

तिनं रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. वायर गुंतली होती, ती सोडवली. मग आंघोळीला गेली.

ओल्या केसांनी येऊन तिनं देव काढले. पितळेचा खंडोबा, तुळजापूरच्या देवीचा टाक, रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा. एकेक ताम्हणात ठेवत होती. एरवी देवांची जागा बदलायची म्हणजे भटजींना विचारणं, चांगला दिवस बघणं, नैवेद्य, आणि पाटावर डोकं टेकून चुकलंमाकलं माफ कर म्हणणं. लहानपणी रंगकामाच्या वेळी मी ते सगळं पाहिलं होतं. त्या दिवशी तिनं तोंडातून एक अक्षर काढलं नाही. स्वयंपाकघरात मिठाची बरणी आणि डाळींचे डबे सरकवून फळीवर जागा केली आणि देव तिथं मांडले. फळी उंच होती. गुडघ्यांमुळं तिला चवड्यावर उभं राहता येत नव्हतं, म्हणून शेवटचा बाळकृष्ण मी ठेवला.

"आई, दिवा?"

"धूळ उडेल आता. राहू दे," ती म्हणाली.

मग घरात ठोकाठोकी सुरू झाली. जालिंदर मिस्त्रीचं काम चांगलं होतं, येणं मात्र त्याच्या मर्जीचं. "सकाळी नवाला हजर" असं सांगून तो उन्हं चढल्यावर उगवायचा, आणि फोन केला की "आलोच, वळनावर हाय" म्हणायचा. ते वळण कुठलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण आला की खाली मान घालून काम करायचा. मोरी फोडली, बाहेरून भिंतीलगत चर खणला, पाइप टाकला. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून पांढरं भांडं आलं. पुठ्ठा काढून ते माजघरात ठेवलं, तेव्हा आई काठी टेकत त्याच्याभोवती फिरली.

"एवढंसंच असतं?" तिनं विचारलं.

"एवडंच की काकू. तुमाला काय वाटलं?"

"मला वाटलं, मोठं काही असेल."

भांडं बसलं, पांढरं सिमेंट भरलं. रात्रभर त्याला हात लावायचा नाही, पाणी टाकायचं नाही, असं सांगून मिस्त्री गेला. गुरुवारी परत उशिराच आला आणि दांडी हातात घेऊन गेरूच्या रेघेपाशी उभा राहिला.

"ताई, काका उंच हायत. दांडी वर घ्याय लागंल."

"घ्या की मग."

"आहे तिथंच मारा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काकू, काकांना खाली पडंल ती."

"पडू दे. खूण केलीय ना? मग उगीच भिंतीला आणखी भोकं नकोत."

मला वाटलं, कामाला कंटाळली आहे ती. घरभर धूळ झाली होती, तीन दिवस धड स्वयंपाक नव्हता. मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मीही म्हटलं, मारा बाबा तिथंच, एकदाचं होऊन जाऊ दे. त्यानं रेघेवरच ड्रिल लावलं. गेरूची लाल भुकटी खाली पांढऱ्या भांड्यावर पडली. ती त्यानं फडक्यानं पुसून घेतली.

संध्याकाळी बादलीनं पाणी टाकून पाहिलं. सळसळ आवाज करत गेलं. मिस्त्री खूश झाला.

"आता कोनीतरी बसून बगा. डुलतंय का न्हाई ते कळाय पायजे. माज्या वजनावर नको, मी हाय हलका."

मी पुढं झाले. तेवढ्यात आई म्हणाली, "मी बसते."

ती आत गेली. आम्हाला वाटलं, झाकणावर बसेल, हो किंवा नाही सांगेल आणि येईल. तिनं दार लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला. मिस्त्री तंबाखू मळत परसदारी गेला. मी माजघरात रिकाम्या कोनाड्यासमोर उभी राहिले. कोनाड्यात तेलाचा काळा गोल डाग होता, समईच्या जागेवर.

आतून काहीच आवाज येत नव्हता. पाण्याचा नाही, हुंदक्याचा नाही. मी दारावर टकटक करणार होते, मग केली नाही. मिस्त्रीची तंबाखू मळून, खाऊन, थुंकून झाली. तो दारातून मला खुणेनं विचारू लागला, काय झालं? मी मान हलवली.

शेवटी कडी निघाली. आई बाहेर आली. डोळे कोरडे होते, पदर डोक्यावरून घेतलेला होता.

"डुलत नाही," ती मिस्त्रीला म्हणाली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तीन दिवस. तेसुद्धा हा रोज उशिरा आला म्हणून."

तिनं कोपऱ्यातली काठी घेतली, डबा घेतला, तो परसदारच्या नळाखाली भरला आणि परसात उतरली. शेवग्यापर्यंत जाऊन, पायरीशी काठी टेकवून तिनं पत्र्याच्या दाराची कडी धरली. तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. मिस्त्रीनं सामान गोळा केलं आणि न सांगताच गेला. पैसेसुद्धा दुसऱ्या दिवशी घेऊन गेला.

ती परत आली तेव्हा मी परसातल्या धुण्याच्या दगडावर बसले होते. ती माझ्याशेजारी टेकली. अंधार पडायला लागला होता.

"आई, तू बोलावलं होतंस मिस्त्रीला. मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीस? आम्ही सगळे तुलाच बोलत होतो."

"काय सांगायचं?"

"दादा नको म्हणाले, हे."

"ते नको नाही म्हणाले," आई म्हणाली. "उगीच तसं बोलू नये. ते म्हणाले, शालन, भिंतीला पाठ लागते देवांची. तूच ठरव. देवांच्या पाठीला संडास तुला चालेल का? मी म्हटलं, नाही चालणार. ते बरोबरच होतं की. भिंत तीच होती."

"पण देव हलवता आले असते."

"मी विचारलं होतं. म्हणाले, आबांनी बसवलेली जागा आहे, ती हलत नसते." ती गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. "मला राग नव्हता गं कधी. खरंच सांगते. पायरी चढताना जीव जायचा, पण मी म्हणायचे, देवासाठी आहे. देवासाठी माणूस उपास करतं, अनवाणी जातं. माझं हे. रोज सकाळी दिवा लावताना मी त्याला सांगायचे, बघ हं, तुझ्यासाठी करतेय."

मी तिच्याकडं सरकून बसले.

"आज आत बसले," ती म्हणाली, "आणि मोजायला लागले कुठल्या कुठल्या लग्नाला मी गेले नाही. तुझ्या मोठ्या नणंदेच्या. सुहासच्या मित्राच्या. मामीच्या शेवटच्या आजारपणात मी तिला भेटायला गेले नाही, त्यांच्याकडं जिना होता म्हणून. देवानं मागितलंच नव्हतं त्यातलं काही."

"दादांवर राग येतोय तुला?"

"त्यांचं हाड मोडलंय गं. आता कुठं राग धरत बसू." तिनं पदरानं काठीची मूठ पुसली. "कुणावर धरू तेच कळत नाही. ते वाईट आहे बघ. रागाला धड जागासुद्धा राहिली नाही."

मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला, पण तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी दादा आले. सुहासनं आणि गाडीच्या ड्रायव्हरनं धरून आत आणलं. वॉकर टेकत ते आधी नव्या खोलीकडं गेले. दार उघडून बघितलं आणि लहान मुलासारखे खूश झाले.

"वा. सिंहासन आहे राव. शालन, बघितलंस का?"

"बघितलं," आई म्हणाली.

पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा मात्र कुरकुरत आले. दांडी फार खाली मारलीय, वाकावं लागतं, हा जालिंदर म्हणजे एक नंबरचा गाढव आहे. सुहासनं फोन लावला. मिस्त्री म्हणाला, आलोच, वर करून देतो. तो त्या कामासाठी कधीच आला नाही.

संध्याकाळी दादा माजघरात खुर्चीवर बसले होते. कोनाडा समोरच. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं.

"देव कुठं गं?"

"स्वयंपाकघरात. डाळींच्या फळीवर."

"दिवा नाही लावलास? सात वाजले."

आई भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. "तुम्हीच म्हणालात ना, देव कुठंही राहतो," ती म्हणाली. "मग दिव्याशिवायही राहील."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मीठ दे, पाणी दे म्हणावं तसंच ती बोलली. दादा हसायला गेले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सुहासकडं पाहिलं, आणि त्यांचं हसू विरलं. ते कोनाड्याकडं पाहत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "शालन, तूही वापर की आता ते. सोपं पडेल तुला."

"माझा रस्ता मला पाठ आहे," आई म्हणाली.

आणि ती खरंच परसातच जात राहिली. मी फोनवर रागावले, सुट्टीत येऊन विनवण्या केल्या, सुहासनं पत्र्याच्या दाराला कुलूप घालायची धमकी दिली. दादा तर शेवटी शेवटी हात जोडायचे. "अगं, माझ्यासाठी तरी." ती काही भांडत नसे. डबा घ्यायची आणि जायची. तिनं दादांचं सगळं केलं. औषधं, पथ्य, रोजचा व्यायाम, त्यांच्यासाठी त्या खोलीतली फरशी रोज स्वतः घासून कोरडी करायची. त्यांचा पाय घसरू नये म्हणून तिथं गोणपाट टाकायची. स्वतः मात्र तिथं बसत नसे.

देवाची पूजा दादा करू लागले. ज्या माणसानं जन्मात गंध उगाळलं नव्हतं, तो वॉकर टेकत फळीपाशी उभा राहून चुकतमाकत फुलं वाहायचा. वात त्यांना वळता येत नसे. आई वाती करून डब्यात भरून ठेवायची. तेवढं करायची, लावायची नाही. दादा गेल्यावर चौदावा झाला आणि सुहासनं विचारलं, देव मी सांगलीला नेऊ का? आई म्हणाली, ने. ताम्हणासकट दिले. कोनाड्यात पुढं रेडिओ आला.

आईचं अखेरचं आजारपण त्यानंतर काही वर्षांनी आलं. यकृताचं होतं आणि वेळ फार नव्हता. मी महिनाभर रजा काढून तासगावला राहिले. पहिले दिवस ती मला धरून परसात जायची. मग एका सकाळी उंबरठ्यातच तिचे पाय थांबले. शेवगा समोर दिसत होता, ऊन पडलं होतं. ती तिकडं बघत उभी राहिली.

"नाही जमायचं आता," ती म्हणाली.

मी तिला वळवलं, माजघरातून त्या खोलीत नेलं आणि हळूच बसवलं. तिचं वजन काही उरलं नव्हतं. मी तोंड फिरवून दारात उभी राहिले. तिनं डोळे मिटलेले होते, ते मला कडेनं दिसत होतं.

झाल्यावर मी वाकून तिच्या काखेत हात घालणार होते. तिनं मान हलवली. डोळे मिटलेलेच होते. तिचा उजवा हात उठला, कुठंही न चाचपडता सरळ गेला आणि दांडीवर पडला. दादा जिला शेवटपर्यंत शिव्या देत होते ती दांडी. तळवा तिच्यावर बरोबर बसला, ना वर ना खाली. आई दांडीच्या जोरावर उठली. स्वतःची स्वतः.

उभी राहिल्यावर तिनं डोळे उघडले आणि दांडीकडं पाहिलं.

"माप बरोबर घेतलं होतं त्यानं," ती म्हणाली.